आईचं नाव

"हिला चार वर्षं झालेली दिसतात," खिडकीतला माणूस करुणाकडे वाकून बघत म्हणाला. "चारच्या वर पूर्ण तिकीट पडेल."

"अजून दीड महिना आहे साहेब," धर्मा म्हणाला. "अंगानं थोराड आहे, एवढंच. दाखला आणलाय ना."

त्यानं शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि आत सरकवला.

सव्वीस जानेवारीची सुट्टी होती. बोरिवलीच्या पुढं माळावर नवीनच झालेल्या पाळण्यांच्या पार्कची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. घाटकोपरहून दोन बस बदलून तिघं आले होते. लहान मुलांना फुकट सोडतात, पण वयाचा पुरावा बघतात, हे धर्माला कारखान्यात कळलं होतं. म्हणून सकाळी त्यानं ट्रंकेतून दाखला काढून घेतला. मंजुळा तेव्हा करुणाच्या वेण्या घालत होती. तिला ठाऊकच नव्हतं.

आता कागद बघितल्यावर तिनं धर्माच्या बाहीला हात घातला, पण उशीर झाला होता.

खिडकीतल्या माणसानं तारीख वाचली. मान डोलावली. दाखला दुसऱ्याचाही आणतात लोक, म्हणून त्यानं करुणालाच विचारलं, "नाव काय गं तुझं?"

"करुणा धर्मा साळवे."

"शाब्बास. आणि आईचं?"

"मंजुळा!" करुणा ठणकावून म्हणाली. बालवाडीतल्या बाईंनी हे सगळं पाठ करून घेतलं होतं.

माणसानं पुन्हा कागद पाहिला. "इथं तर राधा लिहिलंय."

धर्मानं सकाळी नुसती तारीख बघितली होती.

"तुम्हीच का राधा?" माणसानं मंजुळाला विचारलं. आवाजात खोच नव्हती. "लग्नात नाव बदललंय का?"

नुसतं हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर तिघंही आत गेले असते.

राधा तिची थोरली बहीण. करुणा नऊ दिवसांची असताना ताप डोक्यात चढून गेली. वर्ष सरायच्या आत घरच्यांनी मंजुळाला धर्माच्या घरी आणून सोडलं. करुणाला यातलं काही माहीत नव्हतं. मोठी झाली की सांगू, असं दोघांनी ठरवलं होतं. राधाचं घर मंजुळानं घेतलं होतं, नवरा घेतला होता, पोर घेतली होती. साड्यासुद्धा नेसून फाडल्या होत्या. नाव तेवढं राहिलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "मी मंजुळा."

"मग राधा कोण?"

करुणानं मान वर करून आईकडे बघितलं. तिलाही ऐकायचं होतं.

धर्मा पुढं झाला. "साहेब, त्याचं असं आहे, की हिची..."

"दाजी!" मंजुळा म्हणाली. लग्नानंतर तीन वर्षांत तिच्या तोंडून ही हाक आली नव्हती. धर्मा जागच्या जागी थांबला.

ती खिडकीजवळ गेली. "मला काय ठाऊक राधा कोण," ती म्हणाली. "दाखला आमचा नाही. चाळीतल्या एका बाईकडून मागून आणला."

मागं कुणीतरी हसलं. "फुकट घुसायला बघतात," दुसरं कुणी म्हणालं.

माणसानं कागद घडी करून परत दिला. "पोरीसमोर तरी असलं करू नका हो, बाई."

"चुकलं," मंजुळा म्हणाली.

जवळ पैसे दोनच तिकिटांचे होते. धर्मानं ते तिच्या हातात कोंबले. "तू जा हिला घेऊन."

"तुम्ही जा. मला पाळण्यात भोवळ येते." तिनं करुणाचा फ्रॉक सारखा केला, रुमालानं तिचं नाक पुसलं. "बाबांचा हात सोडू नको हां."

"तू?"

"मी बाहेरून बघते ना. पळ."

धर्मानं तिच्या हातातले पैसे घेऊन दोन तिकिटं काढली. मग तो पोरीला घेऊन आत गेला.

कुंपणाच्या गजांतून फिरणारे घोडे दिसत होते. मंजुळा तिथं जाऊन उभी राहिली. कागद मुठीत तसाच होता. तिनं तो उलगडला. निळ्या शाईत, कुण्या कारकुनाच्या घाईच्या अक्षरात, 'राधा' असं लिहिलं होतं. ती त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिली. घामानं शाई फुटायला लागली, तशी तिनं घाबरून कागद पदराला पुसला आणि पोलक्यात ठेवला.

शेजारी एक म्हातारी बोरांची पाटी घेऊन बसली होती.

तेवढ्यात घोडे फिरू लागले. करुणा एका पांढऱ्या घोड्यावर होती, धर्मा तिला पाठीमागून धरून उभा होता. कुंपणाच्या बाजूला आली तशी ती हात उंचावून ओरडली, "आई!"

मंजुळानं हात हलवला. घोडा पलीकडे वळला.

"गोड आहे गं पोर," म्हातारी म्हणाली. "तुझी का?"

मंजुळानं घोड्यांकडे बघितलं. करुणा दिसत नव्हती. तिथून तिला ऐकू येणार नव्हतं.

"माझ्या बहिणीची," ती म्हणाली. मग थांबून, जरा मोठ्यानं म्हणाली, "राधाची. थोरली माझी. राधा नाव तिचं."

"अगं बाई! मग ती नाही आली?"

घोडा फिरून परत समोर आला.

"आई! आई, बघ ना!"

"ओ," मंजुळा म्हणाली.