शनिवार सुटेपर्यंत

"फोन खिशात, वह्या पिशवीत," वैजयंतीबाई म्हणाल्या. "आज शनिवार. या गल्लीत शनिवारी फोटो काढायचा नाही, लिहायचंही नाही."

सहावीची नऊ मुलं गल्लीच्या तोंडाशी उभी होती. निवृत्त झाल्यापासून बाई शाळेच्या मुलांना महिन्यातून एकदा सोलापुरातली एखादी जुनी गल्ली पायी दाखवत. आजची गल्ली ज्यू लोकांची होती. कुणी गिरणीत, कुणी रेल्वेत नोकरीला म्हणून आलेले. घरात मराठी बोलायचे. शुक्रवारी सूर्य मावळला की काम थांबवायचे, ते शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत. तोवर चूल नाही, लेखणी नाही. आता त्यांच्यातलं कुणीच इथं राहत नव्हतं.

"मग फोटो काढला तर रागावणार कोण?" नंदीशनं विचारलं.

"कुणीच नाही," बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

शेवटचं घर दोन खोल्यांचं होतं. दार निळं. उजव्या चौकटीवर वीतभर लांबीची तिरपी खूण. तिथं पूर्वी प्रार्थनेची गुंडाळी ठेवलेली डबी असायची, जाता-येता तिला हात लावायचे, एवढं सांगून बाई अचानक थांबल्या. दारावर नव्या मालकानं लावलेला कागद होता. घर पाडण्याचा वार सोमवार होता. तो खोडून वर 'आज रात्री' लिहिलं होतं.

बाईंनी कागद दोनदा वाचला.

"काय झालं, बाई?" अक्षतानं विचारलं.

"हे मोजेलबाईंचं घर. सहा वर्षांपूर्वी त्या मुलाकडं इस्रायलला गेल्या. परवा फोन आला होता. म्हणाल्या, वैजयंती, पाडायच्या आधी घराचा एक फोटो पाठव. माझ्याकडं ढीगभर आहेत, पण सगळ्यांत आम्हीच पुढं उभे. घर दिसतच नाही." बाईंनी चष्मा पुसला. "मी उद्या सकाळी येणार होते. उजेड चांगला असतो म्हणून."

अक्षतानं फोन बाहेर काढलाच. "मग आत्ता काढू की! अजून ऊन आहे."

"शुक्रवारी काढला म्हणून सांगायचं," नंदीश म्हणाला. "त्या कशाला विचारतील?"

"नाहीच विचारणार," बाई म्हणाल्या. "म्हणूनच."

अक्षतानं फोन खिशात ठेवला. पण तिचा चेहरा पडला होता. समोरच्या कट्ट्यावर सगळे ओळीनं बसले.

ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं आणि पत्र्यावरून नाहीसं झालं.

"बाई, तिकडं आत्ता दुपारचे तीन वाजले असतील," नंदीश बोटांवर हिशेब करून म्हणाला. "तिकडचा शनिवार संपायला लई वेळ आहे. आपण कुठला धरायचा?"

बाई थोडा विचार करून म्हणाल्या, "घर इथलं आहे. इथलाच धरायचा."

"दिसली!" एक मुलगी ओरडली.

"तो शुक्र आहे. ग्रह. तो धरायचा नाही."

"असं काय बाई! चमकतोय की."

"चमकू दे."

पहिली चांदणी अक्षताला दिसली, दुसरी नंदीशला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी घरघर झाली आणि पिवळं जेसीबी हळूहळू आत आलं. चालवणारा पोरगेलासा होता. घराच्या समोर मशीन उभं करून तो खाली उतरला.

"बाजूला व्हा बाई, पोरांना घेऊन जावा. धुरळा लई उडंल."

"नाव काय तुझं?"

"बिरुदेव."

"बिरुदेव, थोडं थांबशील? एक फोटो काढायचाय."

"काडा की मग. कुणी आडवलंय?"

"तिसरी चांदणी दिसल्यावर."

तो हसला. "फोटूला चांदणी कशाला लागती?"

अक्षतानं त्याला सांगितलं. मोजेलबाईंचं, शनिवारचं, उद्या सकाळचं. घाईघाईनं, मागचं पुढं करत. बिरुदेवनं मोबाईलवर वेळ बघितली.

"मालकाचा फोन यील. धा मिनटं थांबतो. त्याच्या वर न्हाय."

दहा जण माना वर करून उभे राहिले. गल्लीतली वीज घर पाडायचं म्हणून तोडलेली होती, तरी पलीकडच्या रस्त्याचा उजेड आभाळात पसरला होता. धूळही होती. मुलांना दोनच चांदण्या दिसत होत्या. बाईंना एकही दिसेना. नंदीशनं दोनदा तिसरी सापडल्याचं सांगितलं, दोन्ही वेळा ते विमान होतं.

बिरुदेवचा फोन वाजला. त्यानं तो बंद केला आणि मशीनच्या पायरीवर चढला.

"आसं नसतंय बघायचं," तो म्हणाला. "डोळं ताणायचं न्हाईत. आमी मेंढरामागं हिंडायचो तवा बा शिकवायचा. जराशी बाजूला नजर ठिवायची." तो आभाळ न्याहाळू लागला. मग त्यानं हात लांब केला. "ती बघा. टाकीच्या वर, जरा डावीकडं. बारकी हाय, पण हाय."

एकेक करून सगळ्या मुलांना ती दिसली. "दिसली, बाई," अक्षता म्हणाली.

"दिसली ना? मग काढ."

अक्षतानं फोन धरला आणि खाली घेतला. "बाई, आता घरच दिसत नाही. फ्लॅशही पोचत नाही, सगळं काळं येतंय."

बाईंनी अंधारात दाराच्या दिशेनं बघितलं.

बिरुदेव केबिनमध्ये जाऊन बसला. मशीन सुरू झालं तशी दोन-तीन मुलं मागं पळाली. लोखंडी सोंड वर गेली, बाजूला वळली आणि जमिनीला टेकली. मग वरचे चारही दिवे एकदम लागले.

निळं दार, चौकटीवरची तिरपी खूण, उंबऱ्याची झिजलेली कड, पत्र्याखालच्या भिंतीवरची चुन्याची पोपडी. सगळं लख्ख.

बिरुदेवनं मशीन बंद केलं, दिवे तसेच ठेवले.

"काडा," तो वरून म्हणाला. "निवांत काडा."