उगवलं का गं?

“आता काय पेरलंय तुझ्या आईने?” फोनवर मैत्रीण विचारत होती.

ती गच्चीच्या जिन्यात उभी होती. हातात पाण्याची बादली, खांदा आणि कान यांच्यात फोन. “अजून काही नाही. काकड्या संपत आल्यात.”

“मग घोडं कुठे पेंड खातंय? हे बघ, तुझी खुर्ची मी वर्षभर रिकामी ठेवलीय. सोमवारी दुसऱ्या कुणाला तरी बसवणार. तोपर्यंत सांग.”

दोघी एकत्रच कवळ्या बनवायला शिकल्या होत्या. मैत्रिणीने दूरच्या शहरात स्वतःची कार्यशाळा काढली आणि हिला भागीदारीत बोलावलं. ही मात्र अजून दवाखान्यामागच्या बिनखिडकीच्या खोलीत लोकांचे दात घासून गुळगुळीत करत होती. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं होतं. तिला स्वतःला हसू येऊन बरेच दिवस झाले होते.

तिला अडवलं होतं गच्चीने. आईला बघायला भाऊ-वहिनी घरातच होते, पण त्यांना झाडांचं काही कळत नसे. भावाने एकदा गवत जपून ठेवून टोमॅटोची रोपं उपटली होती. आणि घरची रीत तर ठरलेली. मातीतून वर आलेलं टाकून घर सोडायचं नाही. वडिलांनी घातलेली रीत, ते गेल्यावर जास्तच कडक झाली. आई सख्ख्या बहिणीच्या लग्नालाही गेली नव्हती. का, तर तेव्हा घेवड्याला फुलं आली होती.

घेवडा संपायच्या आत काकडी, काकडी संपायच्या आत वाटाणा. कुंड्यांना उसंत नाही आणि तिलाही नाही. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून आई वर चढत नसे. खालीच खुर्चीत बसून ती डब्यातलं बी मोजकं काढायची आणि लेकीच्या हातावर ठेवायची. ते बी हातावर पडलं की तिला वाटायचं, चला, आणखी एका हंगामाची कैद.

त्यात गेले दोन हंगाम आईचं बी उगवलंच नव्हतं. आधी घेवड्याचं. तिने वाट पाहिली, माती उकरून पाहिली. दाणे जसेच्या तसे. मनात आलं, सुटले. तेवढ्यात खालून आईचा आवाज आला, “उगवलं का गं?”

त्या आवाजात असं काही होतं की तिला नाही म्हणवेना. आईच्या हाताला गुण आहे, असं सगळी गल्ली म्हणायची. तो गुण गेला, हे तिला कुठल्या तोंडाने सांगायचं? संध्याकाळी ती रोपवाटिकेतून तयार रोपं पिशवीत लपवून घेऊन आली. लावताना स्वतःलाच शिव्या घालत होती. खाली येऊन म्हणाली, “उगवलं.”

आईने बियांच्या डब्यात डोकावून पाहिलं. “नीट बघितलंस?”

“बघितलं.”

“सगळं?”

“सगळं, आई.”

काकडीच्या वेळीही हेच झालं. मैत्रिणीला तिने दोन्ही वेळा थांबायला सांगितलं आणि रात्री उशीत तोंड खुपसून रडली.

आता ती बादली ठेवून खाली आली. स्वयंपाकघरात वहिनी करवादत होती. “माझा तवा कोण काळा करून ठेवतं, तेच कळत नाही.” आईने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. लेकीला जवळ बोलावून तिच्या हातावर मूठभर वाटाणे ठेवले. “काकड्या काढ आणि हे लाव.”

“मी लावणार नाही,” ती म्हणाली.

वहिनीच्या हातातली घासणी थांबली. या घरात असं कुणी बोलत नसे.

“का?” आईने विचारलं.

“तुझं बी उगवत नाही, आई. घेवडा नाही, काकडी नाही. मी विकतची रोपं आणून लावली. तुला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलले. आता मला नाही जमत. मला जायचंय.” आई रडेल या भीतीने तिने मान खाली घातली.

आई रडली नाही. “म्हणजे एकही दाणा उगवला नव्हता?”

“एकही नाही.”

“अगं, मग उगवलं का म्हणालीस?” आईचा आवाज चिरकला. “तव्यावर भाजलेलं बी उगवलं म्हटल्यावर मी काय समजायचं? मला वाटलं, तुझाच पाय निघत नाही.”

“भाजलेलं?” तिने विचारलं.

“तुझ्या बाबांची रीत मोड म्हणायला माझी जीभ रेटेना,” आई म्हणाली. “म्हटलं, काही उगवलंच नाही, तर हिला कोण अडवणार आहे?”

तिने मूठ उघडली. वाटाण्यांवर बारीक काळे डाग होते. एक दाणा तिने दाताखाली धरला. कुडुम वाजला. मग तिथेच उभं राहून तिने मैत्रिणीला फोन लावला.

“बोल,” मैत्रीण म्हणाली. “लावलं वाटतं काहीतरी आईने?”

“वाटाणे दिलेत.”

“झालं. म्हणजे आता वाटाणे निघेपर्यंत थांबा.”

“भाजून दिलेत,” ती दुसरा दाणा चावत म्हणाली. “सोमवारी येते.”