रिकामा गाल

“तोंड उघड,” देल्मिरा म्हणाली. “जीभ वर कर.”

बसमधल्या बायका टकमक बघत होत्या. निकासियोने मुकाट्याने आ केला. गालात काही नव्हतं. कोकाच्या पानांचा तोबरा नसलेला निकासियो डोंगरातल्या हुहुई शहराच्या बाजारात कुणी कधी पाहिला नव्हता.

घोळ दवाखान्याच्या पहिल्या खेपेला झाला होता. निकासियो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. गेल्या वर्षापासून त्याची अक्षरं बारीक होत चालली होती. ‘समोरच्या फुटपाथवरून पाव हा शब्द वाचता येत नाही,’ म्हणून बेकरीवाल्याने पाटी परत पाठवली. त्यात उजवा हात थरथरायचा. देल्मिराचं धाबं दणाणलं. तिचा बाप अशाच कंपवाताने गेला होता. शेवटी शेवटी तो तोंडातला घास गिळायचाही विसरायचा. तिने नवऱ्याला ओढतच दवाखान्यात नेलं.

“औषधं, दारू, नशापाणी?” नर्सने विचारलं.

“छे!” निकासियो म्हणाला.

विचारणारीच्याही गालात पानं होती. पान म्हणजे नशा, हे तिथे कुणाच्या स्वप्नातही येत नाही.

मेंदूचा फोटो वाईट आला. डॉक्टर ओविएदोबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. धडधाकट माणसाच्या मेंदूत, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या डोपामिनची जागा दोन स्वल्पविरामांसारखी उजळते. निकासियोच्या मेंदूत नुसते दोन ठिपके होते. शेपट्या विझल्या होत्या. मग बाईंचं लक्ष त्याच्या फुगलेल्या गालाकडे गेलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

“अहो, पान चघळून आलात? त्यातला कोकेनचा अंश नेमक्या त्याच जागा अडवून बसतो! आमचं सुईतलं औषध मग चिकटणार कुठे? हा फोटो बाद. पान बंद करा आणि पुढच्या आठवड्यात या.”

“म्हणजे आजार नाही?” देल्मिराने विचारलं.

“असेलही, नसेलही. पानाच्या भानगडीत सांगता येत नाही.”

तेव्हापासून ती डोळ्यांत तेल घालून पहारा देत होती. उशीखाली, बुटांत, रंगाच्या डब्यांमागे हात घालून बघायची. निकासियो मुलखाचा भित्रा. फोटोला घाबरून चोरून चघळणार, याची तिला खात्रीच होती. पण पठ्ठ्याने शब्द पाळला. नुसता खिडकीशी बसून राहायचा.

पानं शोधता शोधता तिला भलतंच दिसू लागलं. चालताना त्याचा उजवा हात हलत नव्हता. पाय फरशीवर घासत होता. शर्टाच्या एका बटणाशी तो सकाळभर झगडायचा आणि तिची चाहूल लागली की कोट चढवायचा. तिचा बाप अगदी असाच चालायचा. तिला रात्री झोप लागेना.

दवाखान्यात त्याचं नाव पुकारलं. नर्स सुई भरून तयार होती.

“काय काका, या खेपेला पान?”

“नाव नको. विचारा माझ्या हवालदाराला,” निकासियो म्हणाला आणि देल्मिराकडे बघून हसला. हसले ते फक्त डोळे. चेहरा जागचा हलला नाही.

बापाचाही चेहरा शेवटी असाच थिजला होता, देल्मिराला आठवलं. निकासियो एकदा फोटोच्या यंत्राखाली गेला की ‘असेलही, नसेलही’ संपणार होतं. तिला तेवढाच आधार उरला होता.

“खोटं बोलतोय तो!” ती एकदम म्हणाली. “आत्ता फाटकाशी पानं चघळली. माझ्यासमोर.”

नर्सने सुई खाली ठेवली. निकासियो बायकोकडे बघत राहिला. तिने त्याची बाही घट्ट पकडली होती. त्याने सावकाश मान खाली घातली.

“हो, चघळली,” तो म्हणाला. “मग आता आणखी आठवडाभर फोटो नाही ना निघणार?”