दर्शनी दार

"वहिनी, दाराला रंग द्यायचाय की दार उजवायचंय?" रंगारी पुटपुटला, पण वहिनींना ऐकू जाईल अशा बेतानं.

त्याचं तरी काय चुकलं म्हणा! दार घासून, लांबी भरून तिसरा दिवस, आणि घरात अजून रंगावरून कुस्त्या चाललेल्या. लेकीला मोरपंखी हवा, लेकाला राखाडी. शेजारच्या काकू तर कुणी न विचारताच "विटकरी कसा भरदार दिसतो" म्हणून सांगून गेल्या. दाराच्या बाहेरून पाच रंगांचे पट्टे ओढून झाले होते आणि जो तो फाटकापाशी उभा राहून, डोळे बारीक करून ते बघून येत होता. वहिनींचं डोकं भणभणलं.

त्यांनी शेडकार्ड नेऊन हॉलमधल्या पलंगावर टाकलं. अर्धं अंग लुळं पडल्यापासून यजमानांचा मुक्काम तिथंच होता.

"अहो, आता तुम्हीच काय तो एक सांगा. नंतर कुरकुर नको. पुढच्या महिन्यात चालायला लागलात, की तुम्हालाच त्या दारातून जायचं-यायचंय."

हा 'पुढचा महिना' गेले आठ महिने चालू होता. तरी लेकीनं, लेकानं जोरजोरात माना हलवल्या. रंगाऱ्यानंसुद्धा.

यजमानांनी शेडकार्ड उघडलं.

 

"बाहेरून हवा तो द्या. मला आता जन्मभर आतलीच बाजू बघायचीय, तिचा रंग तेवढा मी सांगतो."