कोपऱ्यातली लवंग

विमलानं इकडंतिकडं पाहिलं आणि मल्लव्वाच्या नानकटाईवरची लवंग उपटली.

भट्टीपुढं नानकटाईचे पत्रे ओळीनं मांडले होते. दिवाळी तोंडावर आलेली. शाहूपुरीतल्या निम्म्या बायका घरून पीठ मळून बेकरीत आल्या होत्या. पत्रे बेकरीचे, सगळे सारखेच काळे. म्हणून प्रत्येकीनं आपल्या पत्र्यातल्या कोपऱ्यातल्या गोळ्यावर खूण करायची, अशी रीत होती. कुणी मनुका दाबी, कुणी वेलदोडा. मल्लव्वाची खूण लवंग, विमलाची बदाम.

मल्लव्वा दाराबाहेर चिमणाबाईशी बोलत उभी होती. बेकरीवाला भट्टीत वाकून निखारे सारत होता. विमलानं लवंग आपल्या पत्र्यात खोचली, बदाम मल्लव्वाच्या पत्र्यात दाबला आणि पदरानं कपाळ पुसलं. झालं काम. मल्लव्वाची नानकटाई आता विमलाची होती.

बघून कुणाला शंका आली नसती. गोळे एकाच मापाचे, कारण विमला नानकटाई वळायला शिकली ती मल्लव्वाकडूनच. रंगही तोच. म्हशीचं तूप पांढरं आणि डब्यातलं वनस्पती तूपही पांढरंच. फरक कळायचा तो जिभेला.

आणि ती जीभ इचलकरंजीहून यायची होती. लेकीच्या, नंदिनीच्या, नवऱ्याचा हा पहिला दिवाळसण. लग्नात नंदिनीच्या सासूनं जिलबीचा तुकडा बोटांत चोळून भर पंगतीत म्हटलं होतं, ‘डब्यातलं दिसतंय!’ त्या एका वाक्यावर पोरीनं वर्षभर सासरी टोमणे खाल्ले होते. यंदा पुन्हा तेच झालं, तर पोरीला मान वर करायची सोय राहिली नसती. पण मास्तराच्या घरात साजूक तूप यायचं कुठून?

शेजारच्या मल्लव्वाकडं मात्र ते ओसंडत होतं. नवऱ्याची गुळाची वखार, परसात म्हैस, आणि ती म्हैससुद्धा अशी गुणाची की भर उन्हाळ्यात आटायची नाही. विमला तिला पाण्यात पाहायची. तिची म्हैस पाण्यात पाहायची, तिचं तूप पाण्यात पाहायची. बरं, बाईनं कधी तोरा मिरवावा, तर तेही नाही. तोरा मिरवला असता तर विमलाला मोकळेपणानं रागावता तरी आलं असतं.

आठवड्यापूर्वी मल्लव्वा तुपाचा तांब्या पदराखाली झाकून आली होती. “घे गं मास्तरीणबाई. जावई येणार न्हवं?”

विमलाच्या अंगाचा तिळपापड झाला. “आमच्याकडं काय कमी आहे, मल्लव्वा? घेऊन जा तुमचं.”

मल्लव्वा तांब्या पुन्हा पदराखाली झाकून परत गेली. मागितलं असतं तर मिळालं असतं. न मागताही मिळत होतं. पण मत्सराची जातच अशी, की त्याला दिलेलं चालत नाही, चोरलेलं चालतं.

नरकचतुर्दशीला जावई न्हाऊन पाटावर बसले. विमलानं ताट पुढं केलं. त्यांनी नानकटाई तोंडात टाकली. ती दातांनी फोडावी लागलीच नाही, जिभेवरच विरघळली. त्यांनी दुसरी उचलली. मग तिसरी.

“आईसाठी डबाभर बांधून द्या,” जावई म्हणाले. “तिला म्हणावं, हे बघ तूप!”

नंदिनीनं आईकडं पाहिलं. पोरीचा चेहरा असा उजळला, की विमलाला वाटलं, केलं ते बरंच केलं. छातीवरचा धोंडा उतरला. आणि मल्लव्वाच्या घरी आज काय तोंडं वाकडी झाली असतील, या विचारानं तिला खरं तर गुदगुल्याच झाल्या.

तेवढ्यात मल्लव्वा दारात आली. हातात मोठा पितळी डबा होता आणि चेहरा पार उतरलेला होता.

“मास्तरीणबाई, रागावू नको,” ती हळू आवाजात म्हणाली. “तू तूप घेतलं न्हाईस. म्हटलं, फराळाला तर कुणी न्हाय म्हणत न्हाय. म्हणून त्याच तुपाची नानकटाई केली, सगळी तुझ्यासाठी. जावयाच्या ताटात वाढायला.” तिनं डबा विमलाच्या हातात दिला. “पर कुठं बिघडलं कळंना बघ. खाल्ली की टाळूला चिकटतीया. द्यायची लाज वाटत हुती. पर तुझ्या नावानं केलेली, ती माझ्या घरात कशी ठिवू?”

विमलानं झाकण उघडलं. अगदी वर लवंगेची नानकटाई होती. लवंग तिरकी बसली होती. घाईत खोचलेली, तिच्याच बोटांनी. विमलानं झाकण पुन्हा लावलं. तिला बोलायचं होतं, पण आतून जावयांचं हसणं ऐकू येत होतं.

“मल्लव्वा, अशा दारात काय उभ्या?” नंदिनी हौसेनं ताट घेऊन बाहेर आली. मागोमाग जावईही आले. “आईची नानकटाई खाऊन बघा. ह्यांनी तर आमच्या सासूबाईंसाठी बांधून मागितलीय!”

“नको, त्यांना...” विमला पुटपुटली.

पण मल्लव्वानं एक उचलून तोंडात टाकलीसुद्धा. ती थांबली. डोळे मिटून तिनं नानकटाई जिभेवर घोळवली. मग पदरानं ओठ टिपले आणि जावयांच्या देखत, मनापासून, विमलाला विचारलं,

“मास्तरीणबाई, हे तूप कुठनं आणलंस गं?”