खडूची रेघ

मथुरा वजनकाट्यावर चढली तशी दुकानातली बोलणी थांबली. चपला तिने आधीच काढल्या होत्या. हातातल्या सोन्याच्या पाटल्याही काढून नवऱ्याकडे दिल्या होत्या. पाटल्यांनी असा कितीसा फरक पडणार? पण हल्ली तिला कशाचाच भरवसा वाटत नव्हता.

काटा रहिमतुल्लाचा. बहरीनमध्ये, मनामाच्या सूकमध्ये म्हणजे बाजारात, त्याचं कार्गोचं दुकान होतं, आणि रजेवर निघालेली माणसं शुक्रवारी सकाळी तिथे आपल्या बॅगा वजन करून घेत. खाली लोखंडी पाट, वर उभ्या खांबावर घड्याळाएवढी तबकडी. त्या तबकडीच्या काचेवर मथुरेच्या नवऱ्याने, गुंडूने, खडूने एक रेघ मारून ठेवली होती. सुई रेघेच्या अलीकडे थांबली तर मथुरा यंदा त्याच्याबरोबर गावाला. पलीकडे गेली तर तो एकटाच.

गुंडू अस्कर गावातल्या अॅल्युमिनियमच्या कारखान्यात भट्टीवर होता. माणूस वाईट नव्हता. बायको त्याला आवडायची, फक्त आईचा धाक त्याहून मोठा होता. अठ्ठ्याहत्तर साली गावात फोन कुठला? निरोप माणसांबरोबरच यायचे. मागच्या रजेहून परतलेल्या गावच्या रावजीने असाच एक निरोप आणला. सून चांगलीच सुटल्याचं आईच्या कानावर गेलं होतं. पोरगा तिकडे भट्टीत भाजून निघतोय आणि ही बया त्याच्या जिवावर फुगतेय, असं म्हातारी म्हणाली होती. रावजीने हे चारचौघांत, अगदी चवीने सांगितलं. गुंडूचं तोंड एवढंसं झालं. पुढच्याच शुक्रवारी काचेवर रेघ उमटली.

मथुरेची आई माहेरी अंथरुणाला खिळली होती. तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून मथुरेने सगळं निमूट केलं. भात सोडला. साडीखाली कॅनव्हासचे बूट घालून गच्चीवर फेऱ्या मारल्या. तेव्हापासून शेजारच्या गच्चीवर लोकांना कपडे वाळत घालायची फार कामं निघू लागली. एकदा बेकरीतून गरम खुबूस आणताना तिला राहवलं नाही. वाटेतच तिने रोटीचा तुकडा तोडून तोंडात टाकला, आणि नेमका समोरून रावजी आला. तोंडातला घास तिने पदरात काढला. घरी जाऊन त्या ओल्या पदराकडे बघत ती रडली. तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचा रागही आला.

आज सुई थरथरली, पुढे गेली, मागे आली आणि रेघेच्या अलीकडे थांबली.

रहिमतुल्लाने वाकून खात्री केली आणि भाभी पास झाल्याचं जाहीर केलं. बॅगांना दोऱ्या बांधत बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. गुंडू तर धावतच शेजारच्या दुकानात गेला आणि हलव्याचा डबा घेऊन आला. केशराचा बहरिनी हलवा, अजून गरम, वर तुपात न्हालेले काजू. डबा सगळ्यांपुढे फिरला. रावजीने दोनदा हात घातला. मथुरेपाशी आल्यावर मात्र गुंडूने डबा उचलून तिच्यापुढून पलीकडे रावजीच्या हातात दिला. इतकी मेहनत आता वाया घालवू नकोस, असं त्याने तिला प्रेमानेच सांगितलं.

तिला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण कानात काहीतरी गुणगुणत होतं, जीभ कडू पडली होती आणि पायांत जीव नव्हता. हे सगळं ओळखीचं होतं. कुठलं, ते तिला आठवेना.

गुंडू डोळे भरून तिच्याकडे बघत होता.

"मी पहिल्या सुट्टीवर आलो ना, तवा तू अगदी अशीच दिसायचीस," तो म्हणाला.

पहिली सुट्टी. लग्न होताच गुंडू इकडे निघून आला होता आणि ती गावी सासूच्या हाताखाली राहिली होती. दोन वर्षांनी तो आला आणि तिला बघून खूश झाला. मथुरेला आता सगळं आठवलं.

ती काट्यावरून उतरली नाही. तिथूनच हात लांब करून तिने रावजीच्या हातातला डबा घेतला. चार बोटांनी हलव्याचा मोठा गोळा उचलला आणि तोंडात घातला. भिंतीकडे वळली नाही, तोंडापुढे पदर धरला नाही. सावकाश चावून तिने तो गिळला आणि दुसरा उचलला. तूप मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, ते तिने पुसलंही नाही. कडू जीभ गोड झाली आणि तिच्या पायांना लोखंडी पाट पुन्हा जाणवू लागला.

गुंडू जवळ आला. लोक बघतायत, असं तो दबक्या आवाजात म्हणाला. सुई पलीकडे गेली तर तिकीट विसर, असंही म्हणाला.

"बघू देत. आयशीला भेटायला मी जाणारच," मथुरा म्हणाली. "नेलंत तर तुमच्यासंगं, न्हायतर एकटी. पण जाईन ती पोटभर खाऊन जाईन."

गुंडूने इकडेतिकडे पाहिलं. मग अगदी काकुळतीला येऊन त्याने विचारलं, की घरी आईला काय सांगायचं? पहिल्यासारखी बारीक हो, एवढंच तर ती मागत होती.

मथुरेने तोंडातला घास संपवला.

"तवा मी बारीक नव्हती," ती म्हणाली. "तुमच्या घरात उपाशी होती."