दाण्यांतल्या कड्या

मुलांनो, डोळे मिटा आणि बुरशीची एक पेशी मनात आणा. तिच्या आत इवल्या इवल्या खोल्या असतात. काही बुरशी विष तयार करतात, ते अशा खोल्यांत कोंडतात आणि मग बाहेर सोडतात. म्हणून त्या स्वतः मरत नाहीत.

आता म्हैसूरच्या अग्रहार या जुन्या वस्तीतलं एक स्वयंपाकघर पाहा. हे जुन्या रंगाऱ्यांचं घर. इथे प्रत्येक रंगाचं पिंप वेगळ्या खोलीत ठेवून दाराला कडी लावत. पिंपं कधीच गेली, पण कडीचा आवाज नऊ वर्षांच्या भाग्याला पाठ होता.

रविवारी दुपारी तो आवाज दाण्यांच्या डब्यातून आला. खट.

तिने झाकण उघडलं, तर दाण्यांवर हिरवट बुरशी होती.

"काकू, टाकून दे. शाळेत बाई म्हणाल्या, भाजलं तरी हे विष जात नाही."

"अय्यो, सुम्मने, उगाच भिऊ नको! धुऊन वाळवते, मग भाजते," गंगाकाकू हसली. "तुझ्या बाई येऊन चटणी करणार काय?"

संध्याकाळी कढईत दाणे तडतडले. त्या तडतडीखाली कड्या लागत होत्या. खट. खट. काकूने गॅस बंद केला. कढई निवली, तरी आवाज थांबेना.

मग तो भाग्याच्या पाठीमागून आला.

तिचा चार वर्षांचा भाऊ रक्षित उभा होता. त्याचे गाल फुगले होते, ओठ घट्ट मिटले होते.

"दाणे खाल्लेस?"

त्याने मान हलवून नाही म्हटलं. मिटल्या ओठांआड आवाज झाला. खट.

भाग्याने त्याचं नाक दाबलं आणि तोंड उघडताच आत बोट घातलं. बोटाला दाणा लागला नाही. गार लोखंड लागलं.

भाग्याने कडी ओढून उघडली.